ताण कोणाचा, भार कोणावर? : ‘अर्धसत्य’ आणि ‘कोर्ट’ या चित्रपटांतील न्याययंत्रणेच्या कर्मचाऱ्यांचे चित्रण

पोलीस ठाणे, न्यायालय आणि कारागृह या तिन्ही ठिकाणी सामान्य माणसाची गाठ प्रथम ज्यांच्याशी पडते, त्या कर्मचाऱ्यांचा ताणतणाव हा मानसशास्त्र, समाजकार्य आणि व्यवस्थापनशास्त्र या विषयांच्या संशोधकांचा आवडता विषय आहे. अशा अभ्यासांचा साचा बहुधा ठरलेला असतो. एखाद्या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांतून नमुना निवडायचा, प्रमाणित प्रश्नावली भरून घ्यायची, वय, लिंग, हुद्दा आणि सेवेची वर्षे यांच्याशी ताणाच्या गुणांकाचा सहसंबंध काढायचा आणि शेवटी योग, ध्यान व समुपदेशन यांची शिफारस करायची. या अभ्यासांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांत एक मोठी उणीव राहून जाते. कर्मचारी आपला ताण कसा हलका करतो हे त्याला विचारले जाते. हलका करताना तो कोणावर उतरवला जातो हे विचारले जात नाही. विचारले तरी उत्तर देणारा तोच असतो. ज्याच्यावर तो उतरला, त्याच्या हाती प्रश्नावली कधी पडतच नाही.

ही उणीव कथात्म कलाकृती भरून काढू शकते, कारण तिला टेबलाच्या दोन्ही बाजू एकाच चौकटीत दाखवता येतात. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने दोन चित्रपटांचा विचार केला आहे : गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ (१९८३) आणि चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४). पहिला हिंदी असला तरी त्याची घडण मराठी आहे. त्याचा आधार श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि ज्या कवितेवरून चित्रपटाला नाव मिळाले ती दिलीप चित्रे यांची. दुसरा चित्रपट प्रामुख्याने मराठीत असून त्यात हिंदी, गुजराती आणि इंग्रजीही वापरली आहे. त्याला सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही चित्रपट मुंबईचे आहेत आणि दोहोंच्या मध्ये तीन दशकांचे अंतर आहे. एकात ठाण्यातला फौजदार मध्यवर्ती आहे, तर दुसऱ्यात सत्र न्यायालयातील सरकारी वकील व न्यायाधीश. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, ताण सोसणाऱ्याने तो निभावण्यासाठी शोधलेली वाट ही त्याची खासगी बाब राहत नाही. तिची किंमत त्याच्यापेक्षा दुर्बल असलेला, त्या वेळी त्याच्या हाताशी असलेला माणूस मोजतो. दोन्ही चित्रपट हे दाखवतात, परंतु पहिला ते दाखवून शेवटी विसरतो आणि दुसरा विसरू देत नाही.

काही संज्ञांविषयी

रिचर्ड लाझारस आणि सुझान फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याच्या प्रयत्नांचे दोन ढोबळ प्रकार सांगितले. ताण ज्यातून उद्भवतो ती परिस्थितीच बदलण्याचा प्रयत्न हा प्रश्नकेंद्री. परिस्थिती तशीच ठेवून तिच्यामुळे मनात उठणारी खळबळ शमवण्याचा प्रयत्न हा भावनाकेंद्री. मराठी पाठ्यपुस्तकांत या साऱ्याला सरसकट ‘समायोजन’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द सोयीचा असला तरी फसवा आहे. त्यात दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सरकून जागा केल्याचा भास होतो. प्रत्यक्षात एकच बाजू सरकत असते. ठाण्यातला हवालदार किंवा कोर्टातला कारकून असे काही म्हणत नाही. तो म्हणतो, ‘निभावून न्यायचं.’ या क्रियापदात थकवा आहे, चिकाटी आहे आणि परिस्थिती बदलणार नाही याची खूणगाठही आहे. म्हणून पुढे ‘निभावणे’ हाच शब्द वापरला आहे.

निभावण्याचा संबंध थेट शासनव्यवहाराशी जोडला तो मायकेल लिप्स्की यांनी. १९८० च्या त्यांच्या ग्रंथात पोलीस, कनिष्ठ न्यायालयांतील कर्मचारी, शिक्षक, समाजकार्यकर्ते अशा थेट जनतेशी संबंध येणाऱ्या नोकरवर्गाचा विचार आहे. काम अपार, साधने अपुरी आणि वरून येणारे आदेश परस्परविरोधी, अशा स्थितीत हा वर्ग स्वतःपुरत्या काही युक्त्या, काही पायवाटा शोधतो. आणि लोकांच्या दृष्टीने या पायवाटा हेच सरकारचे प्रत्यक्ष धोरण ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामातून येणाऱ्या भावनिक थकव्याची जी मोजपट्टी तयार केली, तिच्यातील एक परिमाण असे आहे की थकलेला कर्मचारी समोरच्या माणसाला माणूस म्हणून पाहणे सोडून देतो. मानसशास्त्र याला कर्मचाऱ्याच्या थकव्याचे लक्षण मानते. समोरच्या माणसाच्या बाजूने पाहिले तर हीच त्याच्यावर ओढवलेली आपत्ती असते. लिप्स्की आणि मास्लाक यांना एकत्र वाचले की दोन्ही चित्रपटांकडे जाण्याची वाट मिळते.

वेलणकरचा उतार

‘अर्धसत्य’मधील अनंत वेलणकर (ओम पुरी) हा उपनिरीक्षक स्वेच्छेने या नोकरीत आलेला नाही. त्याला पुढे शिकायचे होते. खात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांनी (अमरीश पुरी) त्याला पोलिसांत ढकलले. हे वडील घरात पत्नीवर हात उगारणारे आहेत आणि लहानपणी ते पाहिल्याची आठवण वेलणकरच्या मनातून गेलेली नाही. म्हणजे नोकरीत पाऊल ठेवण्यापूर्वीच ठाण्याबाहेर सोडलेला हात कसा असतो, हे त्याला घरातच कळले आहे. पटकथेने हा धागा ठळक केलेला नाही, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. वडिलांच्या नोकरीचा भार आईने सोसला, एवढे त्यातून स्पष्ट होते.

वेलणकरचा ताण कशाचा आहे? सर्वेक्षणांत पोलिसांच्या ताणाची कारणे म्हणून जिवाचा धोका, अवेळी काम, रजा न मिळणे ही नावे येतात. चित्रपटात धोक्याचे प्रसंग आहेत, पण त्यांनी वेलणकर खचत नाही. उलट त्या वेळी तो सर्वांत स्वस्थ दिसतो. तो खचतो तो केलेले काम पुसले गेल्यामुळे. रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) या गुंडाच्या माणसांना त्याने पकडावे आणि वरून आदेश येऊन ते सुटावेत; जळालेल्या माणसाने मरणाच्या दारात शेट्टीचे नाव घ्यावे आणि त्यातून काहीच घडू नये; एका स्त्रीला त्रास देणाऱ्यांना चोप दिला म्हणून, ते राजकीय लागेबांध्यांचे निघाल्यामुळे, त्याच्याच निलंबनाची भाषा सुरू व्हावी; जीव धोक्यात घालून केलेल्या अटकेचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पदरात पडावे. या प्रसंगमालिकेतील प्रत्येक ठिकाणी कायदा एक सांगतो आणि वरचा आदेश दुसरे. लिप्स्कींनी ज्याला परस्परविरोधी मागण्या म्हटले, त्याचे इतके नेमके चित्रण आपल्याकडे क्वचितच झाले असेल.

याला तोंड देण्याच्या ज्या वाटा वेलणकरला दिसतात, त्या पात्रांच्या रूपाने त्याच्याभोवती उभ्या आहेत. वरिष्ठ निरीक्षक हैदर अली (शफी इनामदार) व्यवहारी आहे. तो वेलणकरला मनापासून जपतो, पण जपण्याची त्याची रीत म्हणजे ज्यांची वर ओळख आहे अशा मध्यस्थाला गाठणे. हैदर अलीला खलनायक करण्याचा मोह पटकथेने टाळला, ही तिची मोठी जमेची बाजू. असा सज्जन, कनिष्ठांना सांभाळून घेणारा वरिष्ठ प्रत्येक कार्यालयात असतो. आणि व्यवस्था टिकते ती बहुधा दुर्जनांपेक्षा अशाच माणसांच्या बळावर. दुसरी वाट माइक लोबो (नसीरुद्दीन शाह) याची. निलंबित होऊन दारूत बुडालेला हा अधिकारी वेलणकरच्या उद्याचेच चित्र आहे. तिसरी वाट ज्योत्स्ना गोखले (स्मिता पाटील) सुचवते : नोकरी सोडण्याची. ती महाविद्यालयात प्राध्यापिका आहे. आपल्या व्यवसायातील वाचकांना हे पात्र थोडे अस्वस्थ करून जावे. तिची नैतिक भूमिका निर्दोष आहे, पण ती ज्या खुर्चीत बसून ती मांडते तिच्यावर रात्री-अपरात्री कोणी आरोपी आणून उभा करत नाही.

वेलणकर हैदर अलीची वाट काही काळ स्वीकारतो, नंतर लोबोच्या वाटेने चालू लागतो. मग कोठडीत एक किरकोळ चोर त्याच्या हाती लागतो. त्याच्यावर आळ रेडिओ चोरल्याचा. दारूच्या अमलात वेलणकर त्याला इतके मारतो की तो मरतो. या प्रसंगाची भयानकता केवळ मारहाणीत नाही. दुसऱ्याच्या हक्काचे हिरावून घेतल्याचा राग वेलणकर त्या चोरावर काढतो. आणि प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते की वेलणकरच्या हक्काचे हिरावून घेणारे वेगळेच होते. ते कोठडीत नव्हते, कधी येणारही नव्हते. मानसशास्त्र याला भावनेचे विस्थापन म्हणेल. पण विस्थापनाला दिशा असते, आणि ती दिशा हुद्द्याच्या उतरंडीने ठरवलेली असते. वेलणकरने आपल्या अधिकाऱ्याची गचांडी धरली नाही, आमदाराच्या अंगावर धावला नाही. त्याचे भान सुटले खरे. मात्र सुटलेल्या भानालाही कोणाला मारले तर खपेल याची जाण होती.

येथवर ‘अर्धसत्य’ अजोड आहे. त्यानंतरच्या भागाविषयी मात्र प्रस्तुत लेखकाचा मतभेद आहे. निलंबनाची टांगती तलवार आल्यावर वेलणकर मदतीसाठी शेट्टीकडे जातो, शेट्टी त्याला आपल्या कह्यात घेऊ पाहतो, आणि वेलणकर त्याचा गळा आवळून ठाण्यात हजर होतो. या शेवटाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. प्रेक्षक मोकळा होतो. पण तो कशापासून मोकळा होतो? कोठडीत मेलेल्या चोरापासून. त्या चोराचे घर, त्याची माणसे, त्याच्या मृत्यूची चौकशी, यांतले काहीही शेवटच्या भागात उरत नाही. चोराचा मृत्यू हे वेलणकरच्या शोकांतिकेचे एक वळण होते आणि नायक स्वतःच्या नजरेत पुन्हा उभा राहिला की त्याचे काम संपते. दीड-दोन तास चित्रपटाने दाखवून दिले की ताणाचा प्रश्न यंत्रणेचा आहे; शेवटच्या काही मिनिटांत तो एका पुरुषाच्या पौरुषाचा प्रश्न होऊन बसतो. चित्रे यांच्या कवितेतील चक्रव्यूहाची प्रतिमाही या वाचनाला बळ देते, कारण चक्रव्यूहात शिरणारा एकटाच असतो.

जे चित्रपटात नाही

एकटेपणाची ही कल्पना त्या काळात स्वयंसिद्ध नव्हती. ‘अर्धसत्य’ प्रदर्शित होण्याच्या आदल्या वर्षी, १८ ऑगस्ट १९८२ रोजी, मुंबईत पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, पोलीस शिपाई रस्त्यावर उतरले, शहरात दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले. संघटनेची मान्यता सरकारने काढून घेतली. त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झालेला गिरणी संप चालूच होता. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९७९ मध्ये, राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या पहिल्या अहवालात शिपायांच्या कामाच्या स्थितीचीच दखल घेतली होती. लाझारस-फोकमन यांच्या परिभाषेत संघटना हा प्रश्नकेंद्री प्रयत्न होता : ताण सोसण्याऐवजी तो ज्यातून येतो ते बदलण्याचा, आणि तोही एकट्याने नव्हे. त्या दंगलीचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु ती वाट बंद झाल्यावर शिपायाकडे उरल्या त्या फक्त भावनाकेंद्री वाटा, हे नोंदवावे लागते. वेलणकरच्या मुंबईत या घटनेची चाहूलसुद्धा नाही. तो अधिकारी आहे, शिपाई नाही, हे त्याचे एक उत्तर असू शकेल. तरी ज्या ठाण्यात तो बसतो त्या ठाण्यातले शिपाई पडद्याच्या कडेला उभे राहून सलाम ठोकतात आणि निघून जातात, हे खटकल्यावाचून राहत नाही.

कायद्याची चौकटही या एकटेपणाला हातभार लावते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम, १९५१) कलम २८ प्रमाणे पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. ही कल्पना १८६१ च्या पोलीस कायद्यापासून चालत आलेली आहे. दुसरीकडे १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर मर्यादा आणतो. कर्तव्य चोवीस तासांचे आणि गाऱ्हाणे मांडायला जागा नाही, अशी ही जोडी आहे. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोलीस व्यवस्थेच्या स्थितीविषयक अहवालात २१ राज्यांतील सुमारे १२ हजार कर्मचाऱ्यांच्या मुलाखती आहेत. त्यानुसार पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी १४ तास काम करतात आणि दोघांपैकी एकाला साप्ताहिक सुटी मिळत नाही. याच अहवालात साधारण चारपैकी तीन कर्मचाऱ्यांनी गुन्हेगारांशी हिंसेने वागणे गैर नसल्याचे मत दिले आहे.

या दोन आकड्यांना एकमेकांशी जोडण्याची घाई मात्र करू नये. १४ तास काम केल्यामुळे माणूस हात उगारतो, असे कार्यकारण त्यातून सिद्ध होत नाही. रुग्णालयातील परिचारिकाही थकते, एसटीचा वाहकही थकतो. थकवा सर्वांना असतो, कोठडी सर्वांकडे नसते. ताणाचे कारण देऊन कोठडीतील मृत्यूची तीव्रता कमी करण्याचा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो, त्याला येथे थारा नाही. म्हणणे एवढेच की, समोरच्याला मारणे चूक नाही ही समजूत आधीपासून असते, ती वापरण्याची मुभाही असते, आणि ताण तिला केवळ निमित्त पुरवतो. वेलणकरच्या घरातील वडिलांची आठवण हेच सांगत होती.

कोर्टातील कंटाळा

‘कोर्ट’मध्ये कोणाचाही आवाज चढत नाही. नारायण कांबळे (वीरा साथीदार) या वृद्ध शाहिरावर आरोप आहे तो एका गटार कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. ताम्हाणे यांचा कॅमेरा खटल्यापेक्षा खटला चालवणाऱ्यांच्या मागे जातो, आणि तेथेच या चित्रपटाचे वेगळेपण आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कोर्टातून निघते, लोकलच्या महिला डब्यात शेजारणीशी नवऱ्याच्या मधुमेहाविषयी आणि तेलाविषयी बोलते, मुलाला पाळणाघरातून घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. ते नाटक परप्रांतीयांची टवाळी करणारे असते आणि सारे प्रेक्षागृह हसते. नूतन दुष्ट नाही. ती दमलेली आहे, दोन पाळ्यांत काम करते आहे, आणि तिने निभावण्याची स्वतःची रीत शोधली आहे : कामात मन न गुंतवणे. कलमे ती एकसुरी आवाजात वाचून दाखवते. तेच तेच चेहरे रोज पाहून आलेला कंटाळा ती सहकाऱ्यांशी बोलून दाखवते आणि शिक्षा होऊन हे प्रकरण एकदाचे संपावे, असे तिला वाटते. हा संवाद इतका सहज येतो की पहिल्यांदा पाहताना तो निसटून जातो. माणसाला माणूस म्हणून पाहणे सोडणे म्हणजे काय, हे मास्लाक यांच्या परिमाणापेक्षा येथे अधिक स्पष्ट कळते. कारण त्या कंटाळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा कोठडीत खोकत बसलेला आहे, हे आपल्याला ठाऊक असते.

पोलिसांच्या पायवाटाही येथे आहेत. अनेक खटल्यांत पुन्हा पुन्हा उभा केलेला एक पंच उलटतपासणीत उघडा पडतो. कोर्टकचेऱ्यांत थोडा जरी वावर असला तरी हे नवे वाटणार नाही. दर वेळी नवा, निःपक्ष पंच शोधणे, त्याला ठाण्यात आणणे, वर्षानुवर्षे तारखांना हजर ठेवणे हे तपास अधिकाऱ्याला जमणारे नसते. ठरलेला माणूस असला की काम सोपे होते. लिप्स्कींच्या अर्थाने ही निव्वळ सोय आहे. पण त्या सोयीवर एका माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

या चित्रपटातील सर्वांत बोलका साक्षीपुरावा मृत कामगाराच्या विधवेचा आहे. गटारात उतरण्यापूर्वी तो काय करायचा, हे ती सांगते. आत खडा टाकून झुरळ बाहेर येते का पाहायचे; आले तर आत श्वास घेता येईल असे समजायचे. आणि घाण सहन व्हावी म्हणून दारू प्यायची. संरक्षक साधने त्याला कधी मिळाली नाहीत. सरकारी पक्ष मात्र साधनांशिवाय उतरण्याला आत्महत्येचा पुरावा ठरवतो. वेलणकरची दारू आणि या कामगाराची दारू शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर निभावण्याच्या अभ्यासाला एक नवे अंग मिळेल. दोघेही जे करावे लागते ते सहन होत नाही म्हणून पितात. एकाची दारू दुसऱ्याचा जीव घेते, एकाचा स्वतःचाच जीव जातो; आणि दुसऱ्या बाबतीत न्याययंत्रणा त्या निभावण्यालाच त्याच्या मरणाचे कारण म्हणून नोंदवू पाहते.

न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) यांच्याकडे प्रकरणांची रांग आहे. बाही नसलेला पोशाख घालून आलेल्या स्त्रीचे प्रकरण ते त्या दिवशी ऐकत नाहीत. वेळ वाचवण्याची हीसुद्धा एक रीत, शिवाय संस्कृतिरक्षणाचे समाधान वेगळेच. उन्हाळी सुटी लागते तेव्हा कांबळेच्या प्रकृतीचा प्रश्न तसाच राहतो. बचाव पक्षाला उच्च न्यायालयाची वाट दाखवली जाते. दालन रिकामे होते, दिवे विझतात आणि अंधाऱ्या दालनावर कॅमेरा थांबून राहतो. बहुतेक दिग्दर्शकांनी चित्रपट येथे संपवला असता. ताम्हाणे न्यायाधीशांच्या मागे सहलीलाही जातात. तेथे सदावर्ते एका नीट न बोलणाऱ्या मुलाच्या वडिलांना खडा आणि नाव बदलण्याचा सल्ला देतात, मग बाकावर डुलकी घेतात. मुले ओरडून त्यांना दचकवून उठवतात, हाती लागलेल्या एका मुलाला थप्पड बसते, आणि न्यायाधीश पुन्हा डोळे मिटतात. ‘अर्धसत्य’च्या शेवटी प्रेक्षकाला जी मोकळीक मिळाली होती, ती येथे न्यायाधीशाला मिळते. विश्रांती हा ताणावरचा उपाय म्हणून प्रत्येक अभ्यासात सुचवलेला असतो. ही विश्रांती कोणाच्या कोठडीच्या दिवसांतून कापून घेतली आहे, हे या प्रसंगात लपत नाही.

‘कोर्ट’ही निर्दोष नाही. लघुलेखक, शिरस्तेदार, पट्टेवाला, समन्स घेऊन वणवण फिरणारा बेलिफ, आरोपीला कारागृहातून आणून पुन्हा नेणारा पहाऱ्यावरचा शिपाई, या साऱ्यांवर न्यायालयाचे कामकाज उभे असते. चित्रपटात ते दिसतात, पण त्यांपैकी एकाच्याही घरापर्यंत कॅमेरा जात नाही. बचाव पक्षाचा वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश या तिघांचे खासगी आयुष्य दाखवून तो थांबतो. म्हणजे उतरंडीच्या मधल्या पायरीपर्यंत तो येतो आणि खालच्या पायऱ्या मोकळ्या ठेवतो. १९८३ मध्ये शिपाई जेथे होता, जवळपास तेथेच २०१४ मधला पट्टेवाला आहे.

आठ तासांची पाळी

खालच्या पायरीवरून आलेला एक प्रयत्न येथे नोंदवणे भाग आहे, कारण त्याची कथा अजून कोणी लिहिलेली नाही. २०१६ मध्ये मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा त्याच ठाण्यातील एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने मांडला होता. २०१७ पासून तो शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आला. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला कर्मचाऱ्यांसाठी आठ तासांचे कर्तव्य प्रायोगिक तत्त्वावर जाहीर केले. संघटनेची वाट बंद असताना एका शिपायाने आकडेमोड करून वरिष्ठांसमोर मांडलेला हा प्रश्नकेंद्री प्रयत्न आहे. ना वेलणकरसारखा गळा आवळण्याचा, ना नूतनसारखा मन काढून घेण्याचा. मोठा बंदोबस्त लागला, सण आले, निवडणुका आल्या की अशी पाळी मोडते, हे खरे. प्रयोग म्हणून आलेली गोष्ट किती काळ प्रयोगच राहणार, ही शंकाही रास्त आहे.

अशा बदलाचे मूल्यमापन करताना कर्मचाऱ्यांचे समाधान, झोप, रक्तदाब आणि कौटुंबिक स्वास्थ्य मोजण्याकडे कल असणार, आणि ते मोजलेच पाहिजे. परंतु दुसरी बाजू मोजण्याची साधनेही उपलब्ध आहेत. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली आहे. ज्या ठाण्यांत पाळी आठ तासांची झाली आणि ज्यांत झाली नाही, तेथील कर्तव्यतक्ते आणि या तपासण्यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचता येतील. त्यासाठी मानसशास्त्र विभागाला विधी महाविद्यालयाची आणि वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाची सोबत लागेल, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावे लागतील, आणि काही नोंदी मुळात ठेवल्याच गेल्या नसल्याचे आढळेल. तसे आढळले तर तीही नोंद निबंधाच्या मुख्य भागात यायला हवी, तळटीपेत नव्हे.